बुरशीची मजुरी

पुणे-नाशिक महामार्गाने मंचर मागे टाकून घोड नदी ओलांडली की कळंब लागते. दिवाळीच्या मागेपुढे या शिवारात सोयाबीनची मळणी चालू असते. मळणी यंत्राच्या एका तोंडातून दाणे पोत्यात पडतात, दुसऱ्या तोंडातून भुसकट उडते आणि संध्याकाळपर्यंत बांधाला पुरुषभर उंचीचा ढीग लागतो. दाण्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. ढिगाचे काय करायचे हा प्रश्न मात्र दरवर्षी नव्याने पडतो. कोणी चार पाट्या गव्हाणीत टाकतो, कोणी उकिरड्यावर ओततो, कोणी शेजाऱ्याला घेऊन जायला सांगतो आणि कोणी सरळ काडी लावतो.

डिंभे धरणाच्या पाण्याने आंबेगावचा पूर्व भाग बागायती झाला. ऊस, कांदा, बटाटा, मका, गहू ही इथली नेहमीची पिके, उत्तरेला नारायणगावच्या बाजूला टोमॅटो आणि पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगराकडे भात. प्रत्येक पिकामागे काहीतरी उरते आणि त्या उरलेल्याला स्वतःचे नाव असते. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, गव्हाचे काड, भाताचा पेंढा, उसाचे पाचट आणि वाढे. ‘पीक-अवशेष’ हा सरकारी कागदावरचा शब्द अलीकडचा. ज्या वस्तूला घरातले नाव आहे, ती कधीकाळी नक्की उपयोगाची होती असे समजावे.

याच पट्ट्यात दुधाचा धंदाही मोठा आहे. मंचरला १९९२ साली सुरू झालेली पराग मिल्क फूड्ससारखी खासगी डेअरी आहे, सहकारी संघांचे संकलन आहे आणि बहुतेक दारांत दोन-चार संकरित गाई आहेत. दुधाच्या उत्पादनखर्चात चारा आणि खुराक यांचा वाटा निम्म्याहून बराच अधिक असतो. झाशीच्या भारतीय चराऊ कुरणे आणि चारा संशोधन संस्थेने देशाची तूट मांडली आहे ती अशी: हिरवा चारा ३५.६ टक्के, वाळलेली वैरण १०.९५ टक्के आणि खुराकाचे घटक ४४ टक्के. एकीकडे ही तूट आणि दुसरीकडे बांधावरचा ढीग. मग कुणाच्याही मनात येणारच की ढिगावर काही प्रक्रिया करून त्याची चांगली वैरण करता येणार नाही का?

या प्रश्नाचे एक उत्तर गेली चाळीसेक वर्षे पुन्हा पुन्हा पुढे येते: बुरशी. ढिगावर योग्य बुरशी वाढवा, ती काड मऊ करील, त्यात प्रथिने भरील आणि गाय ते आवडीने खाईल. प्रयोगशाळेत हे घडते, यात शंका नाही. तरीही आंबेगाव-जुन्नरमध्ये मुरघासाच्या पिशव्या गल्लोगल्ली दिसतात आणि बुरशी लावलेले काड कोणाच्या गोठ्यात दिसत नाही. याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधण्याची सवय आपल्याला आहे. खरे कारण हिशेबात आहे. बुरशी फुकट राबत नाही. आपली मजुरी ती त्याच ढिगातून आधी कापून घेते.

कुडात कोंडलेले अन्न

गव्हाच्या काडात किंवा भाताच्या पेंढ्यात खाण्याजोगे काही नसते असे नाही. त्याचा निम्म्याहून अधिक भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांचा, म्हणजे एका प्रकारे साखरेच्याच लांब साखळ्यांचा असतो. माणसाला त्या पचत नाहीत, पण गाईच्या पहिल्या पोटातले, म्हणजे कोठीपोटातले, सूक्ष्मजीव त्या सोडवतात. अडचण लिग्निनची. कुडाच्या भिंतीत कारव्यांवर शेणमातीचा गिलावा चढवला की आतली कारवी हाताला लागत नाही, तसे लिग्निन सेल्युलोजच्या धाग्यांवर लिंपलेले असते. पेंढ्यात त्यावर आणखी सिलिकाची भर. म्हणून काडाची पचनीयता ४० ते ४५ टक्क्यांवर अडकते. प्रथिने ३-४ टक्केच असल्याने कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांनाच नायट्रोजन पुरत नाही. ते उपाशी राहिले की गाय भरल्या पोटी वाळते.

गंमत अशी की हा गिलावा फोडायला निसर्गाने गाईच्या पोटातही बुरशी ठेवलेली आहे. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या कोठीपोटातल्या, शेपूट हलवत पोहणाऱ्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी त्यांना एकपेशीय प्राणी समजत असत. ते बुरशीचे बीजाणू निघाले, तेही प्राणवायूशिवाय जगणाऱ्या बुरशीचे. ही बुरशी काडाच्या तुकड्यात मुळासारखे तंतू घुसवते आणि त्याला आतून फोडते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या जातींवर बरेच काम झाले आहे. २०१८ साली तिथल्या संशोधकांनी शेळीच्या कोठीपोटातून मिळालेल्या अशा बुरशीच्या एका नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले. याच गटातल्या बुरशा वापरून भाताच्या पेंढ्यापासून मिथेन वायू मिळवण्याचे प्रयत्नही या संस्थेत झाले आहेत. म्हणजे बुरशीने काड पचवणे ही काही परकी कल्पना नव्हे. प्रश्न एवढाच की हे काम पोटाबाहेर, ढिगावर करून घेतले तर परवडते का.

सगळ्या बुरशा सारख्या नसतात

‘बुरशी’ या एका शब्दात आपण फार वेगवेगळे जीव कोंबतो. शेतकऱ्याच्या ओळखीची ट्रायकोडर्मा सेल्युलोजवर ताव मारते. पाचट कुजवायला ती उत्तम, कारण तिथे आपल्याला खतच हवे असते. वैरणीसाठी तिचा उपयोग नाही, कारण गाईच्या वाट्याचे तीच खाते आणि गिलावा जसाचा तसा ठेवते. लाकूड तपकिरी करून भुगा पाडणाऱ्या बुरशाही हेच करतात.

वैरणीच्या कामाची ती तिसरी जात. लाकडाला पांढरे, तंतुमय, मऊ करणारी म्हणून तिला श्वेतकूज बुरशी म्हणतात. बाजारात मिळणारी धिंगरी अळिंबी, जपानची शिताके, झाडाच्या बुंध्याला कानासारखी उगवणारी गॅनोडर्मा ही सगळी याच गोतावळ्यातली. या बुरशा लिग्निन फोडतात. दक्षिण चिलीच्या पावसाळी जंगलात गॅनोडर्माने पोखरलेले ओंडके इतके मऊ होतात की तिथले लोक ते गुरांना घालतात. ‘पालो पोद्रिदो’, म्हणजे कुजके लाकूड, हे त्याचे नाव. फिलिपी या निसर्ग-अभ्यासकाने १८९३ मध्येच त्याची नोंद केली होती. पुढे जर्मनीत फ्रांटिशेक झाद्राझिल यांच्यासारख्यांनी या नोंदीचा धागा पकडून श्वेतकूज बुरशा आणि काड यांचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्याकडच्या दे. ना. कामरा यांनीही त्यांच्याबरोबर या विषयावर लेखन केले.

मात्र चिलीच्या ओंडक्यामागची एक गोष्ट उत्साहात विसरली जाते. तिथे बुरशीला वर्षानुवर्षे मिळतात, ओंडका कोणी विकत आणलेला नसतो आणि लाकूड मुळात गुरांना खाता येण्यासारखे नसतेच. त्यामुळे बुरशीने जे काही सोडले ते सगळे नफ्यात. कळंबच्या गव्हाच्या काडाचे तसे नाही. ते गाय आताही ४५ टक्के पचवते. बुरशीला त्याच्याशी स्पर्धा करायची आहे.

आणि इथेच मजुरीचा मुद्दा येतो. लिग्निन फोडून बुरशीला ऊर्जा जवळजवळ मिळत नाही. ते तिच्या दृष्टीने फक्त कुलूप तोडणे. पोट भरायला तिला कुलपाआडची साखरच लागते. म्हणजे जी साखर आपण गाईसाठी मोकळी करू पाहतो, तिच्यातूनच कुलूप तोडणाऱ्याचा पगार जातो.

कर्नाल आणि उरुळी कांचन

भारतात या विषयावर सर्वांत गंभीर काम १९८० च्या आणि ९० च्या दशकांत झाले. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत एक चतुर पद्धत तयार झाली. तिला ‘कर्नाल प्रक्रिया’ असेच नाव पडले. तिचा विचार समजून घेण्यासारखा आहे.

काडावर युरिया शिंपडण्याची पद्धत तेव्हा रूढ होत होती. १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ढीग दाबून प्लॅस्टिकने झाकायचा आणि तीन आठवडे उघडायचा नाही. आत अमोनिया तयार होतो, तो लिग्निनचा गिलावा सैल करतो आणि प्रथिनांचा आकडा ३-४ वरून ७-८ टक्क्यांवर जातो. पण ढीग उघडला की डोळ्यांना झोंबणारा अमोनिया हवेत निघून जातो. युरियाचा बराच भाग असा वाया जातो. कर्नालच्या शास्त्रज्ञांनी विचार केला की या उरल्या अमोनियावर एखादी बुरशी वाढवली तर तो तिच्या प्रथिनांत अडकून राहील. त्यांनी निवडली कोप्रायनस फिमेटेरियस. शेणावर उगवणारी आणि पिकली की शाईसारखी वितळणारी ही छत्री अमोनियाला भीत नाही. ज्या तिखट, अल्कधर्मी काडावर इतर बुरशा टिकत नाहीत, तिथे ही जोमाने वाढते. म्हणजे निर्जंतुक करण्याचा खर्चही वाचला. युरिया-प्रक्रिया केलेल्या काडात पाणी, थोडे सुपर फॉस्फेट आणि चुना मिसळायचा, वर बुरशीचे बियाणे आणि काही दिवसांत काड पांढऱ्या तंतूंनी भरते.

याच काळात भारत आणि नेदरलँड्स यांचा पीक-अवशेषांच्या जैविक रूपांतराचा संयुक्त प्रकल्प चालला. बायोकॉन हे त्याचे छोटे नाव. कर्नालसह देशातली अनेक केंद्रे त्यात होती, हॉलंडचे वाखेनिंगेन विद्यापीठ होते आणि पुणे जिल्ह्यातले उरुळी कांचनचे ‘बाएफ’ही होते. गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमासाठी उरुळीत राहिलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली ही संस्था संकरित गाईंसाठी महाराष्ट्राला माहीत आहे. पण गाय संकरित केली की तिला खायलाही तसेच लागते, ही जाणीव बाएफमध्ये लवकर आली. डी. व्ही. रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या चिपाडासारख्या वैरणीवर उच्च दाबाच्या वाफेची प्रक्रिया करून पाहिली. ते काम १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साखर कारखान्याकडे वाफ असते आणि चिपाडही असते, मग दोन्हींची सांगड घालावी, असा हा अगदी महाराष्ट्राचा विचार होता.

या सगळ्या धडपडीचे सार किरण सिंग आणि जे. बी. शिरे यांनी संपादित केलेल्या आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९५ मध्ये काढलेल्या काडाच्या वैरणीवरच्या हस्तपुस्तकात सापडते. शेतावर पोहोचली ती युरिया-प्रक्रिया, आणि तीही सगळीकडे नाही. काड भरपूर, हिरवा चारा कमी आणि जनावर मध्यम दुधाचे अशा ठिकाणीच ती परवडते, हे ध्यानात आले. बुरशीची प्रक्रिया मात्र अहवालांतच राहिली.

का राहिली, हे कळंबच्या गोठ्यात उभे राहून पाहावे. एक गाय दिवसाला ५-६ किलो कोरडी वैरण खाते. पाच गाईंना ३० किलो. बुरशीला काडात ६५ टक्के ओल लागते, म्हणजे रोज ८५ किलोंच्या घरात ओले काड कालवायचे, पातळ थरात पसरायचे, उलटायचे आणि तयार होताच खपवायचे, कारण ओले काड साठवता येत नाही. दर काही दिवसांनी ताजे बियाणे हवे. हे काम अर्थात घरातल्या बाईच्या वाट्याला येणार, जी आधीच शेण, धार आणि रानातले गवत यांत बुडालेली आहे. एवढे करून, नुसत्या युरिया-प्रक्रियेच्या तुलनेत जनावराच्या अंगी लागणारा फायदा इतका नव्हता की हा दुसरा टप्पा परवडावा.

शंभर किलोंचा हिशेब

मजुरीचा हिशेब आकड्यांत मांडला की गुंता सुटतो. उदाहरणापुरते १०० किलो कोरडे गव्हाचे काड घेऊ. पचनीयता ४५ टक्के धरली तर गाईच्या उपयोगी पडतात ४५ किलो. आता त्यावर श्वेतकूज बुरशी पाच-सहा आठवडे वाढवली. पचनीयता ४५ वरून ५५ वर गेली. दहा अंकांची वाढ, कोणत्याही अहवालात अभिमानाने छापावी अशी. पण त्या मुदतीत बुरशीने श्वासावाटे २० किलो कोरडा माल हवेत उडवला. उरले ८० किलो. त्याचे ५५ टक्के म्हणजे ४४ किलो.

गाईच्या वाट्याला आधी ४५ आले असते, आता ४४ आले. मधली मेहनत, पाणी, बियाणे आणि सहा आठवडे वजा.

याचा अर्थ बुरशी निरुपयोगी, असा नव्हे. गाईचे पोट मर्यादित असते. तितक्याच पाटीत जास्त पचणारी वैरण बसली तर दुभत्या गाईला त्याचा फायदा होतो. शिवाय उधळपट्टी कमी करणारी बुरशीही असू शकते. वाखेनिंगेनचेच संशोधक गेल्या दशकात या प्रश्नाकडे परत आले. २०१५ मध्ये त्यांनी आधीच्या कामाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. शिताके, किंग ऑयस्टर आणि सेरिपोरिऑप्सिस नावाची एक बुरशी यांवर त्यांचा भर होता. या बुरशा निवडक खातात. लिग्निन बरेच फोडतात आणि सेल्युलोजला त्या मानाने कमी तोंड लावतात. निष्कर्ष आशादायक आहेत. पण या सावकाश वाढतात, सहा-सात आठवडे घेतात आणि तोवर दुसऱ्या बुरशांनी ढीग बळकावू नये म्हणून काड वाफेने निर्जंतुक करावे लागते. कोप्रायनसचा हाच तर गुण होता की तिला निर्जंतुकीकरण नको. जिला ते नको तिची मजुरी भारी आणि जिची मजुरी हलकी तिला निर्जंतुकीकरण हवे. चाळीस वर्षांचे संशोधन या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालते आहे.

मजुरी दुसऱ्याने द्यावी

यातून एकच वाट दिसते: बुरशीची मजुरी दुसऱ्या कोणाकडून वसूल करायची. अळिंबी हा तो दुसरा.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे. धिंगरीचे बियाणे, प्रशिक्षण तिथे मिळते. धिंगरीला गव्हाचे काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचे भुसकट यांतले काहीही चालते. १०० किलो कोरड्या काडापासून साधारण ५० ते ८० किलो ताजी अळिंबी निघते. त्यात नव्वद टक्के पाणी असते हे खरे, पण ती पाण्यासकट विकली जाते. काढणी संपल्यावर उरलेल्या गठ्ठ्यात कोरड्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा कमी झालेला असतो. उरते ते काड मऊ, तंतूंनी भरलेले आणि मूळ काडापेक्षा जास्त प्रथिनांचे. बुरशीने जे खाल्ले त्याचे पैसे बाजाराने दिले. गाईच्या वाट्याला आले ते जवळजवळ फुकट.

ही वाट दिसते तितकी सरळ नाही. कारण अगदी साधे आहे आणि बहुतेक पत्रकांत ते लिहिलेले नसते. धिंगरीसाठी काड तयार करण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे शिकवतात. एक गरम पाण्याची: भिजवलेले काड ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तास-दोन तास ठेवायचे. दुसरी रसायनाची: १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मलिन घालून त्यात काड १६ ते १८ तास बुडवायचे. दुसरीला सरपण लागत नाही, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण कार्बेन्डाझिम म्हणजे द्राक्षावर-टोमॅटोवर फवारतात तेच बुरशीनाशक. या पाण्यात भिजलेले काड गव्हाणीत टाकायचे नाही. ते खतातच जावे. गाईसाठी ठेवायचे असेल तर पहिल्या दिवसापासून गरम पाण्याचीच पद्धत धरावी लागते आणि चुलीचा खर्च अळिंबीच्या हिशेबात लावावा लागतो.

दुसरी कसोटी डोळ्यांची आणि नाकाची. चांगला गठ्ठा पिशवीतून काढला तर वडीसारखा एकसंध निघतो. पांढऱ्या तंतूंनी काडी काडीला बांधलेली असते. मोडला की पावसाळी रानातल्या छत्र्यांचा वास येतो. जिथे हिरवा, काळा किंवा केशरी डाग दिसेल, चिकट पाणी सुटले असेल, आंबूस-कुबट वास असेल, तो गठ्ठा अख्खा बाजूला काढायचा. डाग खरवडून उरलेला घालायचा मोह टाळायचा, कारण तंतू डागाच्या पुढे केव्हाच पोचलेले असतात. चांगला माल उन्हात कडक वाळवून, कुट्टीत मिसळून, पहिल्या आठवड्यात मूठभरापासून सुरू करावा. गाईला नवा वास लगेच आवडत नाही. या मालात राखेचे, म्हणजे खनिजांचे, प्रमाण वाढलेले असते, म्हणून तो वैरणीचा एक भाग म्हणून द्यायचा, सगळी वैरण म्हणून नव्हे.

चांगली बुरशी, वाईट बुरशी

‘बुरशी लागलेले गुरांना घालू नये’ हे गावातले जुने शहाणपण आहे आणि कोणत्याही नव्या प्रचाराने ते पुसता कामा नये. पंजाब-हरियाणात थंडीच्या दिवसांत म्हशींना देगनाला नावाचा रोग होतो. कान, शेपटीचा शेंडा, खुरांजवळची कातडी काळी पडून झडते. ओला, बुरसटलेला भाताचा पेंढा आणि त्यावरची फ्युजेरियम बुरशी यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात परतीच्या पावसात भिजलेला पेंढा गंजीत रचणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याहून मोठा धोका अफ्लाटॉक्सिनचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे हे विष सापडले. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवर बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. गाय असा खुराक खाते तेव्हा विषाचा काही अंश, साधारण १ ते ६ टक्के, रूप बदलून दुधात उतरतो. भारतात दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर ६,४३२ नमुने तपासले, त्यांतले ५.७ टक्के या मर्यादेपलीकडे निघाले. दुधात पाणी आणि युरिया शोधण्याची आपल्याला सवय आहे. त्या पाहणीत खरी चिंता निघाली ती बुरशीच्या विषाची.

गोठ्यात बुरशीने बनवलेला माल येतच नाही, असेही नाही. पशुखाद्यात मिसळलेले यीस्ट, कोंबडीच्या खाद्यातले फायटेज हे विकर, दोन्ही बुरशीवंशातली. गेल्या काही वर्षांत इथेनॉल कारखान्यांमुळे डीडीजीएस नावाचा चोथा सरकी आणि सोया पेंडीच्या शेजारी येऊन बसला. मका किंवा तांदूळ यीस्टने आंबवून दारू काढली की उरते ते हे. यीस्ट ही बुरशीच. म्हणजे बुरशी-आंबवणाने बनलेले पशुखाद्य भारतात आज सर्वांत मोठ्या प्रमाणावर खपते ते या रूपात आणि तिथेही यीस्टची मजुरी इथेनॉल विकून चुकती होते. पण एक गोष्ट विसरू नये. दाण्यातला स्टार्च निघून गेला की उरलेले सगळे तिप्पट दाट होते, प्रथिनेही आणि मूळ मक्यात असलेले अफ्लाटॉक्सिनही. पशुखाद्यात या विषाची मर्यादा २० पीपीबी, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम, आहे. पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा वाचणाऱ्याने विक्रेत्याला हा दुसरा आकडाही विचारावा.

ढिगावर हक्क सांगणारे

‘वाया जाणारे’ असे म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्यावर आधीच बरेच जण हक्क सांगून बसलेले असतात. उसाचे चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाते आणि विजेच्या रूपाने विकले जाते. बाएफच्या वाफेच्या कल्पनेचा कच्चा मालच असा पळाला. उसाचे वाढे हिरवेच गव्हाणीत जातात. त्यात ऑक्झलेट असते, ते शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून पशुवैद्य चुन्याच्या निवळीचा सल्ला देतात. पाचट गाय खात नाही, पण जमीन खाते. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे संवर्धन टाकून ते सरीतच कुजवायची शिफारस आता बहुतेक ऊसवाल्यांना पाठ आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी त्यासाठी संवर्धने दिली. बागायतीने सेंद्रिय कर्ब गमावलेल्या जमिनीला हे पाचट वैरणीइतकेच मोलाचे आहे. तिथे ट्रायकोडर्माची उधळपट्टी आपल्याला हवीच असते.

टोमॅटोचे वेल आणि सडका कांदा या यादीत घुसवू नयेत. वेलांवर फवारणीचा अंश असतो. कांदा जास्त झाला तर गुरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. भाव पडल्यावर कांद्याचे ढीग गुरांपुढे ओतणाऱ्यांनी हे जाणून असावे.

म्हणजे बुरशीच्या वाटेला खऱ्या अर्थाने मोकळे उरते ते थोडेच: सोयाबीनचे भुसकट, गव्हाचे काड, मक्याची दाणे काढलेली कणसे, पश्चिमेकडचा पेंढा.

कळंबच्या बांधावर

मग पाच गाईंच्या घराने काय करावे? या सगळ्या आढाव्यातून जो क्रम निघतो तो फारसा चमकदार नाही. पहिले काम कुट्टी, कारण अख्खी ताटे टाकली की अर्धी पायाखाली जातात. दुसरे मुरघास. त्यातही आंबवणच आहे, पण ते जिवाणूंचे. हवा बंद असते, काम एकदाच करायचे असते आणि मका चिकात असतानाच भरला तर त्यात तूट फार थोडी येते. जुन्नर-आंबेगावात त्याला आणखी एक कारण आहे. बिबट्याच्या भीतीने उसात, गवतात पहाटे-संध्याकाळी वाकून चारा कापणे आज जिवावरचे काम झाले आहे. दारात भरून ठेवलेली पिशवी ती खेप वाचवते. तिसरे, काड भरपूर आणि हिरवे कमी असेल त्या वर्षी युरिया-प्रक्रिया. माप काटेकोर, लहान वासरांना ती वैरण नाही आणि ढीग उघडल्यावर वारा लागू दिल्याशिवाय गव्हाणीत टाकायचे नाही.

बुरशी यानंतर येते, आणि ती अळिंबीचा हात धरूनच. एकट्या घराने धिंगरीचा व्याप मांडण्यापेक्षा बचत गटाने गरम पाण्याची पद्धत धरून तो मांडावा आणि उरलेले स्वच्छ गठ्ठे गटातल्याच गोठ्यांना जावेत. असे झाले तर कर्नालला न सुटलेला हिशेब सुटू शकतो. त्यासाठी नव्या बुरशीपेक्षा जास्त गरज आहे ती दोन साध्या गोष्टींची. उरलेला गठ्ठा फॉर्मलिनचा की गरम पाण्याचा हे पिशवीवर लिहिलेले असावे. आणि तालुक्याच्या ठिकाणी, दुधाची फॅट लागते तितक्या सहज, खुराकातले अफ्लाटॉक्सिन तपासून मिळावे.

तसे झाले तर बांधावरच्या भुसकटाची पंगत नीट बसेल. आधी बुरशी जेवेल आणि तिच्या जेवणाचे पैसे अळिंबी खाणारा देईल. मग गाय जेवेल. आणि गाईने जे सोडले ते शेण होऊन, पुढच्या जूनमध्ये पेरणीआधी, त्याच शेतात परत जाईल.